न उष्टावलेले घर

भाड्याचे घर पाहायला गेलो की माझी बायको आधी न्हाणीघरात शिरत असे. उजेड कुठून येतो, पाणी किती वेळ असते, शेजार कसा आहे, हे प्रश्न माझ्याकडे. ती पिशवीतून एक जुना चमचा काढी, त्याच्या दांड्याने मोरीची जाळी उचले आणि आत वाकून पाही. बहुतेक वेळा तिथे केस असत. कुणाचे तरी, साबणाच्या करड्या गाळात गुंतलेले. मग ती जाळी जागच्या जागी बसवी, रुमालाने बोटे पुसे आणि घरमालकिणीला हसून सांगे, "छान आहे, कळवतो." जिना उतरताना ती पुन्हा बोटे पुसू लागे, आणि मी समजत असे की हेही घर नाही.

तिच्या लेखी ती सगळी घरे उष्टी होती. शब्द तिचाच. दुसऱ्याच्या तोंडातला घास आपण खात नाही, मग दुसऱ्याने राहून टाकलेले घर का घ्यायचे, असा तिचा रोकडा प्रश्न असे. लग्नानंतर आम्ही असे बरेच घास गिळले होते. ज्या घरात सध्या राहत होतो त्याच्या ओट्यामागच्या फरशांवर कुणाच्या तरी तळणाचा चिकट पिवळा थर होता. कितीही घासला तरी उन्हाळ्यात तो पुन्हा घाम आल्यासारखा वर येई. कपाटांच्या मुठी बोटाला धरून ठेवत. दिव्यांच्या बटणांभोवती काळसर वलये होती, अनोळखी अंगठ्यांची. या किळसेपायी तिने स्वतःचे केस कानाच्या पाळीपर्यंत कापून टाकले होते. मोरीत स्वतःचाही केस तिला खपत नसे.

म्हणून आम्ही एक घर नोंदवले होते, जे अजून बांधलेच गेले नव्हते. त्यात कुणी शिंकले नव्हते, कुणी झोपले नव्हते, कुणी मेले नव्हते. तिला एवढेच हवे होते.

न बांधलेल्या घरांची चित्रे काढणे हाच माझा व्यवसाय. वास्तुविशारदाचे आराखडे येतात. मी कॉम्प्युटरवर भिंती उभारतो, फरशा टाकतो, खिडकीतून ऊन सोडतो, आणि ग्राहक त्या नसलेल्या उन्हाकडे पाहून खऱ्या कागदांवर सह्या करतो. आमच्या घराचा शेवटचा हप्ता आमच्याजवळ नव्हता. बिल्डरने त्याच्या बदल्यात काम मागितले: दारातून शिरून सगळ्या खोल्यांतून हिंडणाऱ्या कॅमेऱ्याची एक फिल्म. ग्राहकांच्या मेळाव्याआधी ती तयार झाली आणि पसंत पडली तर घर आमचे. नाहीतर प्रतीक्षायादीत माणसे होतीच.

अडचण एकच होती. माझ्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या ग्राफिक्स कार्डाला ते घर पेलत नव्हते. एका खोलीचे चित्र ते कण्हत कुंथत काढी. चारही खोल्या एकदम दिल्या की मेमरी संपल्याचा निरोप येई आणि पडदा काळा होई. नव्या कार्डाची किंमत विचारून आम्ही दुकानाची पायरी उतरलो, ते पुन्हा चढलो नाही.

माझा मेहुणा कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करी. त्याने मला समजावले की कार्ड म्हणजे घरातले व्यायामाचे यंत्र. लोक हौसेने घेतात, महिनाभर घाम गाळतात आणि मग विकतात. तो मला जुन्या सुट्या भागांच्या बाजारात घेऊन गेला. एका बोळाच्या टोकाशी, पत्र्याच्या छपराखाली, हिरव्या सर्किटांचे ढीग खरवडलेल्या माशांसारखे पडले होते. विक्रेता जाडा, निवांत माणूस होता. त्याने ढिगातून एक लांबलचक कार्ड ओढून काढले, बाहीने पुसले आणि सांगितले,

"एकहाती वापर आहे. एक बाई वापरायच्या. घरीच असायच्या."

"बाई एवढं मोठं कार्ड घेऊन करायच्या काय?" मेहुण्याने विचारले.

"बसायच्या," तो म्हणाला, आणि नोटा खिशात घातल्या.

स्वस्ताईचा खरा भाव घरी आल्यावर कळला. कार्ड माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटपेक्षा दोन बोटे लांब निघाले. मेहुण्याने आतला पत्र्याचा पिंजरा करवतीने कापला. पत्र्याचा कीस जेवणाच्या टेबलावर सांडला. मग पॉवर सप्लायला त्या जातीची पिनच नव्हती. जोडणी करणारी वायर आणली, ती लावल्यावर जळक्या प्लॅस्टिकचा दर्प सुटला, तेव्हा पॉवर सप्लायही बदलावा लागला, अर्थात जुनाच. तो बसला तर कॅबिनेटचे झाकण बसेना. अखेर ते यंत्र पोट फाडून ठेवलेल्या जनावरासारखे उघडेच राहिले.

"चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"ताई, कोंबडी उडाली तर बघ," मेहुणा म्हणाला.

कोंबडी उडाली नाही. कार्ड तापून दर थोड्या वेळाने बंद पडू लागले. मेहुण्याने ते बाहेर काढले आणि पंख्यांचे आवरण उकलले.

आतल्या धातूच्या पात्यांमध्ये धूळ नव्हती. धूळ कोरडी असते. तिथे नमदा होता, दाबलेल्या लोकरीसारखा, करडा, दमट, तेलात भिजून घट्ट झालेला. चिमट्याने ओढला तर तो सलग आला, जखमेवरची खपली निघावी तसा. मेहुण्याने खुलासा केला की चिपांवरच्या रबरी गाद्या उष्णतेने तेल सोडतात, त्यात धूळ बसते, असे होतेच. खुलासा बरोबर होता. पण वास तेलाचा नव्हता. बंद खोलीत एकच उशी वर्षानुवर्षे न धुता वापरली तर तिच्या मध्यभागी जो वास साचतो, तो होता: कोमट, गोडसर, खासगी. मला तो नाकात नव्हे, जिभेच्या मागच्या भागावर जाणवला.

आणि नमद्यात केस होते. लांब, कोपरापर्यंत पुरतील असे. काळे, पण मुळाशी पांढरे.

"मांजर असेल घरात," मेहुणा म्हणाला.

"एवढ्या लांब केसांचं?"

"मग मांजराची मालकीण."

बायको चहा घेऊन आली होती. तिने तो गोळा पाहिला, कप खाली ठेवले आणि बराच वेळ नळाखाली हात धुतले, हात कशालाही लागलेले नसताना.

"हे वापरून तुम्ही आपलं घर दाखवणार?" तिने तिकडूनच विचारले.

"चित्राला वास नसतो," मी म्हणालो.

मी ते कार्ड स्वतः स्पिरिटने पुसले. पाती न् पाती ब्रशने घासली, चिप थंड ठेवणारी नवी पेस्ट लावली, नव्या गाद्या बसवल्या. ते डॉक्टरच्या ताटातल्या हत्यारासारखे चकाकू लागले, आणि त्यानंतर खरोखर चालले.

पुढचे दिवस सुखाचे होते हे मला नोंदवले पाहिजे. चित्र कसे तयार होते हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांना सांगतो: आधी पडद्यावर नुसती वाळू उडते. काळे, पांढरे, रंगीत कण. मग कण हळूहळू आपापल्या जागी बसतात आणि वाळूतून भिंत येते, खिडकी येते, उन्हाची तिरपी पट्टी येते. आमचे घर असे माझ्या डोळ्यांदेखत वाळूतून वर आले. बायको स्टूल ओढून शेजारी बसू लागली. एकदा तिने स्वयंपाकघराच्या खिडकीलगतच्या भिंतीवर बोट ठेवले. तिथे ओटा संपत होता आणि खाली रिकामी जमीन होती.

"इथे मी बसेन. भिंतीला टेकून. दुपारचं."

बोटाचा ठसा पडद्यावर उमटला. तो तिने लगेच पदराने पुसला, आणि स्वतःशीच हसली.

पहिली चित्रे पाहून बिल्डर मात्र खूश झाला नाही. त्याचे म्हणणे, घर फार कोरे आहे, दवाखाना वाटतो, ग्राहकाला तिथे पाय ठेवावासा वाटणार नाही. कुणीतरी राहते आहे असे वाटू दे.

हे आमच्या धंद्यातले जुने गुपित आहे. पूर्ण स्वच्छ वस्तूवर डोळा विश्वास ठेवत नाही. म्हणून आम्ही तयार चित्रावर मळाचा एक पातळ थर चढवतो: नळावर बोटांचे ठसे, काचेवर पुसल्याचे फराटे, मुठीभोवती किंचित काजळी. असे थर विकत मिळतात. विकत घेण्याची ऐपत आता उरली नव्हती. म्हणून मी कॅमेरा घेतला आणि राहत्या घरातलेच फोटो काढले. फ्रीजचे दार. दिव्यांची बटणे. कपाटाच्या मुठी. त्यांतला मळ मी वेगळा केला आणि नव्या घराच्या नळांवर, मुठींवर, बटणांवर अलगद पसरला. भिंतींना हात लावला नाही. भिंती तिला पांढऱ्याशुभ्र हव्या होत्या.

त्याच दुपारी चित्रात डाग दिसला.

खिडकीलगतच्या भिंतीवर, जमिनीवर बसलेल्या माणसाचे डोके जिथे येईल त्या उंचीवर, एक पिवळसर गोल होता. मध्यभागी गडद, कडांना विरलेला. असा डाग प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेला असतो. तेल लावलेले डोके एकाच जागी, रोज, वर्षानुवर्षे टेकले की रंगात जे मुरत जाते, ते.

मी तर्काने चाललो. मळाचा थर काढला, डाग राहिला. भिंत पुसून नवी उभारली, डाग राहिला. कण अपुरे असतील तर सॉफ्टवेअर उरलेले चित्र अंदाजाने भरते, आणि अंदाज चुकू शकतो. मी अंदाज बंद केला आणि नुसती वाळू पाहत बसलो. खिडकी अजून उमटली नव्हती, ओटा उमटला नव्हता, भिंतच उमटली नव्हती. वाळूतून सर्वांत आधी डाग आला.

मेहुण्याच्या दुकानातल्या यंत्रावर तीच फाईल चालवली. भिंत स्वच्छ आली. म्हणजे दोष कार्डाचा, मी सुटकेने म्हणालो. मेहुणा मान खाजवत राहिला. त्याने सांगितले की कार्डाची मेमरी खराब झाली की पडद्यावर ठिपके येतात, पट्टे येतात, आणि ते पडद्याला चिकटलेले असतात. त्याने माझ्या कार्डावर निघालेला फिल्मचा तुकडा पुन्हा पुढेमागे सरकवला. कॅमेरा फिरला की डाग भिंतीबरोबर फिरत होता, तिरका होत होता, ओट्याच्या कडेआड जाऊन पुन्हा बाहेर येत होता.

"हा पडद्यावर नाहीये, भाऊजी," तो म्हणाला. "खोलीत आहे."

या खेपेस तो हसला नाही.

घरी येऊन कार्ड पुन्हा उघडले. ज्या पात्या मी स्वतःच्या हाताने घासल्या होत्या, त्यांत नमदा पुन्हा भरला होता, तसाच दमट, तसाच सलग. चिमटा लावताच तो पचकन सुटला आणि माझ्या मनगटावर पडला. कोमट होता. यंत्र सकाळपासून बंद होते. केस आता जास्त लांब होते आणि पांढरा भाग मुळापासून बराच वर सरकला होता. मी तो गोळा कागदात गुंडाळून रस्त्यावरच्या कचऱ्यात टाकून आलो, आणि मग, तिच्यासारखाच, बराच वेळ हात धुतले. वास गेला नाही.

विक्रेत्याकडे गेलो. कार्ड परत घेण्याचा प्रश्न त्याने हसण्यावारी नेला. मी विचारले, त्या बाई कोण होत्या, निदान एवढे सांगा. त्याने मला नीट न्याहाळले.

"कुठल्या बाई? हे बंद पडलेल्या कंपनीच्या लॉटमधलं आहे. खोक्याचं सीलही मीच फोडलं."

मेहुण्याने त्याला त्याचेच शब्द आठवून दिले. तो खरोखरच गोंधळलेला दिसला. त्याने एवढेच म्हटले की एवढ्या गिऱ्हाइकांत कुणाला काय बोललो हे ध्यानात राहत नाही, पण न वापरलेल्या मालाला तो वापरलेला कशाला म्हणेल.

दुसरे कार्ड घेण्याइतके बळ नव्हते. मेहुण्याच्या दुकानातले यंत्र दिवसभर गिऱ्हाइकांच्या कामात, आणि एक चित्र निघणे वेगळे, अख्खी फिल्म वेगळी. मेळावा तोंडावर आला होता. मी डागावर रंग चढवून पाहिला, एकेका चित्रात. पुढच्या चित्रात तो रंगाच्या वर येऊन बसे.

याच दिवसांत बायकोने माझ्या पडद्यावर फ्रीजचा फोटो पाहिला. दाराच्या कडेवरचे ते बोटांचे तेलकट ठसे तिला ओळखू आले नसते तरच नवल. रोज पुसत होती ती.

"हा आपला फ्रीज ना?"

मी धंद्याचे गुपित सांगितले. सगळेच असे करतात हेही सांगितले. ती ऐकत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. जिन्यात बोटे पुसताना दिसायची तशी दिसत होती.

"या घराचा मळ तुम्ही त्या घरात नेलात," ती हळू म्हणाली. "आपण जायच्या आधी."

मी तो सगळा थर पुसून टाकला. नळ, मुठी, बटणे, सगळे कोरे केले. तिला दाखवले. भिंतीच्या बाजूला कॅमेरा वळवला नाही.

मग मला साधा उपाय सुचला. डागासमोर मी एक कपाट उभे केले. उंच, लाकडी, भिंतीला घट्ट लागलेले. वाळू उडाली, स्थिरावली. कपाट आले आणि डाग दिसेना. मी खुर्चीत मागे रेललो. कपाटाच्या पायांशी काहीतरी होते म्हणून चित्र मोठे केले.

फरशीवर ओरखडे होते. कमानीसारखे, एकावर एक. जड कपाट एकटीच्या बळाने, एक कोपरा धरून, रोज थोडे थोडे बाजूला सारले की उमटतात तसे.

मी फिल्म तशीच पूर्ण केली.

मेळाव्याआधी बिल्डरच्या कचेरीत मोठ्या पडद्यावर ती दाखवली. बायको हट्टाने आली होती. दार उघडले, कॅमेरा आत शिरला, बैठकीच्या खोलीतून ऊन ओलांडत स्वयंपाकघरात आला. बिल्डर खुर्चीत पुढे सरकला.

"आता कसं, कुणीतरी राहतंय. फरशीवरचे ते ओरखडे बघा. असलं सुचतं कुणाला."

घर आमचे झाले, हे त्या एका वाक्यात ठरले. मी तिच्याकडे पाहिले. ती अजून पडद्याकडे बघत होती.

"ते कपाट तिथे नको," ती म्हणाली. "माझी जागा अडते."

इमारत उभी राहिली. ताबा मिळाला त्या दिवशी आम्ही दोघेच गेलो. ती आधी न्हाणीघरात शिरली, चमच्याच्या दांड्याने जाळी उचलली आणि वाकली. आत सिमेंटची थोडी कोरडी पूड होती. ती कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली, आणि मला दिसले की ती रडते आहे.

मी स्वयंपाकघरात गेलो. खिडकीलगतच्या भिंतीवरून तळहात फिरवला. वरून खाली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. भिंत पांढरी होती, थंड होती, आणि नव्या रंगाचा तिखट वास येत होता. मी तिला काहीच सांगितले नव्हते, याचा मला आनंद झाला.

त्या घरात आम्ही सुखी झालो. कपाट आलेच नाही. दुपारची ती ठरल्या जागी बसे, भिंतीला टेकून. भाजी निवडे, फोनवर भावाशी बोले, कधी नुसतीच बसे. मी दुसऱ्या खोलीत कामे करी, त्याच कार्डावर, कारण नवे घेण्याचे पुढे ढकलत राहिलो होतो. पंख्यांची घरघर तिला आता आवडू लागली होती. घरात कुणीतरी आहे असे वाटते, म्हणाली.

केस कापायला जाणे तिने बंद केले. सलूनमध्ये दुसऱ्यांच्या केसांवर पाय पडतो, हे तिने दिलेले कारण मला अगदी तिच्या स्वभावातले वाटले. केस मानेवर आले, पाठीवर आले. डोके तापते म्हणून ती तेल लावू लागली. तिचा भाऊ आला की चेष्टा करी, "ताई, तुला आता वेणी घालायला माणूस ठेव." ती हसे आणि डोके मागे टेके.

एके दुपारी माझ्या ध्यानात आले की कार्ड तापतच नाही. कितीही मोठे काम दिले तरी पंखे जेमतेम फिरत. बरेच दिवस उघडले नव्हते, म्हणून भीतभीतच आवरण उकलले. नाक आधीच आक्रसून घेतले.

आत काही नव्हते. केस नाही, तेल नाही, एवढ्या दिवसांची साधी धूळही नाही. पात्या कारखान्यातून आल्यासारख्या कोऱ्या होत्या. मी वास घेतला. फक्त धातू.

कार्ड परत बसवून जुनी फाईल शोधली. स्वयंपाकघर, खिडकी, ती भिंत. कपाट काढून टाकले. वाळू उडाली, स्थिरावली. भिंत शुभ्र होती. फरशीवर एकही ओरखडा नव्हता.

मी उठलो. इतका हलका झालो होतो की सगळी हकिगत आता तिला हसत हसत सांगावी असे वाटले.

वाटेत न्हाणीघराचे दार उघडे होते. मोरीची जाळी बाजूला काढून ठेवली होती. शेजारी, फरशीवर, एक गोळा होता, करडा, दमट, साबणाच्या गाळाने जड झालेला. त्यातून एक लांब केस सुटून फरशीला चिकटला होता. काळा, आणि मुळाशी पांढरा.

चमचा कुठे दिसला नाही. तिने तो हाताने काढला होता.

स्वयंपाकघरात ती आपल्या जागी बसली होती, पुढे वाकून, मांडीवरच्या ताटलीत काहीतरी निवडत. केस एका खांद्यावरून पुढे ओढलेले होते. खोलीत उशीचा वास होता.

"अहो, असे दारात काय उभे?"

"ते न्हाणीघरात," मी म्हणालो. मी मागे बोट दाखवले.

"असू दे तिथेच. वाळलं की टाकीन." तिने बोटे पुसली नाहीत. तिने वरही पाहिले नाही. "दुसऱ्याचं कुठे आहे? आपलंच तर आहे."

तिच्यामागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाचे डोके येते त्या उंचीवर, पिवळसर गोल होता. मध्यभागी गडद, कडांना विरलेला. इतका जुना की या घराच्या भिंतीपेक्षाही जुना असावा.

तिने ताटली खाली ठेवली, डोळे मिटले आणि डोके मागे टेकले.

डाग पूर्ण झाकला गेला. कणभरही बाहेर उरला नाही.